जोहरचा वजू

सबीहाला वास आला तेव्हा जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अजान नुकतीच झाली होती आणि हौदाभोवती लहान मुलींची झुंबड उडाली होती.

मदरशाच्या मागच्या अंगणात तो सिमेंटचा हौद होता. भोवती बसायला दगड मांडलेले. नमाजाआधी मुली तिथे वजू करत, म्हणजे हात-तोंड-पाय धूत, चुळा भरत, नाकात पाणी ओढत. दोन दिवस वीज नीट नव्हती, त्यामुळे हौद अर्ध्याच्याही खाली गेला होता. पाणी जरासं दुधाळ दिसत होतं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण स्वयंपाकघरातली हमीदा खाला दर आठवड्याला हौदात ब्लीचिंगची पावडर टाकायची आणि त्या दिवशी पाणी असंच दिसायचं.

पण हा वास पावडरीचा नव्हता. सबीहाने ओंजळ नाकापर्यंत नेली आणि तशीच सोडून दिली. तिच्या अब्बांच्या शर्टाला हा वास असायचा. फुलसावंगीत तिचे अब्बा, शेख मुनाफ, कपाशीवर औषध फवारायच्या कामाला जात. अम्मी तो शर्ट घरात आणू द्यायची नाही, बाहेर बाभळीवर टाकायची, तरी वास घरभर फिरायचा. गोडसर, तेलकट, घशाला धरणारा.

सबीहा उठली. शेजारीच हाजरा होती, आठ वर्षांची, तिच्याच गावची. चुळा भरता भरता ती मैत्रिणीच्या अंगावर पाणी उडवत होती, मधूनच एखादी चूळ गिळतही होती. तिला ती खोडच होती.

"हाजरा, इकडे ये. आतल्या ड्रमावर वजू कर," सबीहा म्हणाली.

हाजराने ऐकलं नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सबीहाने पुन्हा हाक मारली नाही. ती एकटी आत गेली, न्हाणीजवळच्या ड्रममधलं पाणी घेतलं, वजू केला आणि नमाजाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

यानंतर कितीतरी दिवस तिला झोप लागली नाही, ती या एका गोष्टीमुळे. स्वतःपुरतं तिला कळलं होतं. स्वतःपुरतं तिने केलंही होतं.

ती का बोलली नाही हे समजायला ऑगस्टमधली एक गोष्ट सांगायला हवी.

पुसदच्या बाहेर, कपाशीच्या शेतांना लागून असलेल्या या मदरशात साठेक मुली राहात. सकाळी दीनी तालीम, म्हणजे धर्माचं शिक्षण, दुपारी शाळेचे विषय. सबीहाला इथे येऊन तीन वर्षं झाली होती. तिला अभ्यास येत नव्हता असं नाही, पण येतो असं तिला कधी वाटायचं नाही. ऑगस्टमध्ये एका दुपारी जेवणाच्या पंगतीत तिला डाळीत रॉकेलचा वास आला, आणि त्या दिवशी कुठून हिंमत आली कोण जाणे, ती मोठ्याने म्हणाली, "डाळीत घासलेट आहे, खाऊ नका." मुलींनी हात आखडले. हमीदा खालाने साठ मुलींची डाळ उकिरड्यावर ओतली. मग उलगडा झाला की वास डाळीला नव्हता. सकाळी कंदील भरताना सबीहाच्याच हाताला रॉकेल लागलं होतं. त्या दिवशी सगळ्यांनी चटणी-पोळी खाल्ली. संध्याकाळी मदरशाच्या प्रमुख, बडी आपा, सर्वांसमोर म्हणाल्या, "आज के बाद खाने-पानी के बारे में कोई भी बगैर सोचे-समझे मुँह नहीं खोलेगी." त्यांनी सबीहाचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मुली तिला 'नाकवाली' म्हणू लागल्या.

त्यानंतर सबीहा कशाबद्दलच बोलेनाशी झाली. गणित आणि मराठी शिकवायला गावातून स्कूटीवर दिपाली टीचर यायच्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून मोठ्या मुलींना बाहेरून दहावीला बसवायचं त्यांनी बडी आपांच्या गळी उतरवलं होतं. त्यांनी सबीहाची वही तपासली तर गणितं बरोबर असायची. फळ्याजवळ बोलावलं की ती खडू हातात घेऊन नुसती उभी.

"वहीत येते, फळ्यावर काहून येत नाही?" दिपाली टीचर एकदा वऱ्हाडीत उतरून म्हणाल्या होत्या.

"चुकलं तं सगळ्याईले दिसते," सबीहा म्हणाली होती.

म्हणून त्या ऑक्टोबरातल्या दुपारी नमाजात उभी असताना तिच्या डोक्यात एकच झगडा चालला होता. अल्लाहसमोर उभी आहे, मन तिकडे लावायला हवं, हे तिला कळत होतं. पण ती मनात म्हणत होती, पावडर असेल. दुसऱ्या कंपनीची पावडर असेल. आणि नसली तर? असली तर हौद उपसावा लागेल, वीज नाही, पाणी नाही, साठ मुली, आणि पुन्हा सगळे आपल्याकडे बघणार. सलाम फेरून नमाज संपला. बडी आपा कामासाठी यवतमाळला गेल्या होत्या. त्या असत्या तर सांगितलं असतं, असं तिने स्वतःला समजावलं. ते खरं नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं.

दोन वाजता दिपाली टीचरचा तास सुरू झाला. व्हरांड्यात एका बाजूला मोठ्या मुली, दुसऱ्या बाजूला लहानग्यांकडून एक तरुण आपा पाढे घोकून घेत होत्या. टीचर फळ्यावर समीकरण लिहीत होत्या. सबीहाची नजर फळ्यावर नव्हती, पलीकडच्या हाजरावर होती. हाजरा पाढे म्हणत होती. तेराचा पाढा. तेरा चोक बावन्न. तिचा आवाज येत होता तोवर सबीहाचा जीव थाऱ्यावर होता. बघ, काही झालं नाही. पावडरच होती.

अडीचच्या सुमाराला एक लहान मुलगी उठून कोपऱ्यात ओकली. थोड्या वेळाने दुसरी. आपांनी त्यांना आत नेऊन निजवलं.

"ऊन लागलं असेल. ऑक्टोबरचं ऊन वाईट," दिपाली टीचर म्हणाल्या. त्यांनी स्वतः लिंबू-साखरेचं पाणी करायला सांगितलं. हमीदा खाला म्हणाली सकाळच्या वांग्यानं बाधलं असेल. तिसरी मुलगी पोट धरून बसली. कुणी म्हणालं, एकीचं पाहून दुसरीला होतं, लहान पोरींचं असंच असतं.

मग हाजराचा आवाज थांबला.

सबीहाने पाहिलं, हाजरा बसल्या जागी डोळे चोळत होती. "धुंदला दिखरा," म्हणजे धूसर दिसतंय, असं काहीतरी ती पुटपुटली. तिच्या कपाळावर घाम होता, ओठांच्या कडेने लाळ गळत होती आणि ती पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

सप्टेंबरात अब्बा शेतातून असेच परतले होते. घामाने चिंब, तोंडातून लाळ, "मले दोन दोन दिसून राह्यले" म्हणत. सबीहा तेव्हा चार दिवसांच्या सुट्टीवर घरी होती. यवतमाळच्या दवाखान्यात तिने अम्मीसोबत दोन दिवस काढले. त्या वॉर्डात सगळी फवारणीवालीच माणसं होती. डॉक्टर बॅटरी घेऊन एकेका खाटेपाशी थांबत, पापणी उचलून बघत आणि पुढे जात. सबीहाने विचारलं नव्हतं, तरी एका डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं: अंधारात माणसाची बाहुली मोठी व्हायला पाहिजे. ह्यांची होत नाही. बघ, टाचणीच्या डोक्याएवढी राहते.

सबीहा उठली. टीचरला न विचारता ती व्हरांड्याच्या पलीकडे गेली, हाजराला काखेत धरून उठवलं आणि शेजारच्या धान्याच्या कोठीत नेलं. तिथे खिडकी नव्हती. दार अर्धवट लोटून, फटीतून येणाऱ्या उजेडात तिने हाजराचे डोळे पाहिले. मग दारातून डोकावणाऱ्या तिच्या मैत्रिणीला आत ओढून तिचेही पाहिले. मैत्रिणीच्या बाहुल्या काळ्याभोर, मोठ्या झाल्या होत्या. हाजराच्या टाचणीएवढ्या.

सबीहाने हाजराला तिथेच भिंतीला टेकवून बसवलं. ती बाहेर आली. टीचर लिंबाच्या पाण्याचे पेले वाटत होत्या.

"टीचर."

"थांब जरा, सबीहा."

ती थांबली. खरोखरच थांबली. दोन पेले वाटून होईपर्यंत ती तिथे उभी राहिली. मग तिच्या तोंडून आवाज निघाला तो तिला स्वतःलाही ओळखू आला नाही.

"टीचर, हे ऊन नाई. हौदात फवारणीचं औषध पडलं."

मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "नाकवाली," आणि कुणीतरी हसलं.

दिपाली टीचरने पेला खाली ठेवला. "तुला कसं माहीत?"

"वास आला मले. वजूच्या वेळी."

"नक्की सांगतेस?"

इथे सबीहा अडखळली. नक्की कसं म्हणायचं? ऑगस्टमध्ये ती नक्कीच म्हणाली होती. "नक्की मले नाई म्हनता येत," ती म्हणाली, "पन हाजराचे डोळे पाहा. कोठीत जाऊन पाहा. माझ्या अब्बाचे असेच झाल्ते. चुकलं तं माझं चुकलं म्हना, पन आधी पाहा."

दिपाली टीचर कोठीत गेल्या. मोबाइलच्या पडद्याच्या अंधुक उजेडात त्यांनी हाजराची पापणी उचलली. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. तिथेच उभं राहून त्यांनी १०८ ला फोन लावला. दुसरा फोन नाक्यावरच्या ऑटोवाल्याला.

"आणखी काय करायचं असतं?" फोन कानालाच ठेवून त्यांनी सबीहाला विचारलं. एक शिक्षिका आपल्याला विचारते आहे, हे सबीहाच्या लक्षात यायलाही वेळ नव्हता.

"कपडे बदलाचे. साबनानं धुवाचं, ड्रमच्या पान्यानं. हौदाचं पानी कोनी शिवाचं नाई."

खालाने सगळ्या मुलींना आत हाकललं. मोठ्या मुली लहानग्यांचे कपडे उतरवू लागल्या. आता कुणी हसत नव्हतं. ओकलेल्या मुली आता अकरा झाल्या होत्या. पण हाजरा धड उभी राहात नव्हती; तिच्या दंडाचं मांस आपोआप थरथरत होतं.

"कोणतं औषध होतं ते कळलं पाहिजे," टीचर म्हणाल्या. "फोनवर तेच विचारून राहिले."

हमीदा खाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातला झारा खाली पडला. "या अल्लाह," ती म्हणाली. "दहा-अकराच्या सुमारास तो उकंडा आला होता. शेतातली मोटर बंद आहे, बादलीभर पाणी घेऊ का म्हणाला. मीच हो म्हणाले. मागच्या फाटकातून आला नि गेला."

मागे सदाशिवरावांचं कपाशीचं शेत होतं. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच झाली होती, अळी काही केल्या हटत नव्हती, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवून लोक फवारत होते. उकंडा सदाशिवरावांकडे फवारणीला यायचा.

मुलींनी एकट्याने फाटकाबाहेर जायचं नाही, हा मदरशाचा पहिला नियम. सबीहाने कुणाला विचारलं नाही. मागचं फाटक उघडून ती कपाशीत शिरली.

झाडं दोन्ही बाजूंनी अंगाला लागत होती. पानं ओली होती, वास तोच. तिने ओढणी नाकाला घट्ट धरली. "उकंडा काका!" तिने हाक मारली. उत्तर नाही. ती धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, बाजूने पळत गेली. पळसाच्या झाडाखाली फवारणीचा पंप आडवा पडलेला दिसला आणि त्याच्या बाजूला, झाडाला टेकून उकंडा बसला होता. डोकं खाली.

"काका, हौदात औषध सांडलं काय?"

त्याने मान वर केली. "कोन वं तू?"

"फुलसावंगीच्या मुनाफची पोरगी. सांगा लवकर."

"मुनाफची पोट्टी?" तो म्हणाला, मग नजर चुकवली. "मी फक्त पानी घेतलं. काई सांडलं नाई."

"काका, पोरी ओकून राह्यल्या. एक पोरगी बेसुध व्हाले आली. मी कोनाले तुमचं नाव सांगाले नाई आली. बाटली कोनती ते पाह्याले आली."

उकंडाचे ओठ हलले. मग तो लहान मुलासारखा रडायला लागला. "हातातून सुटली, माय. झाकन खुल्लं होतं. हौदात पडली, मी लगेच काढली. मले वाटलं, एवढ्या पान्यात काय होते... पाव बाटली होती. खालाले सांगतो म्हनलं, तं ती दिसली नाई. मंग भेव वाटलं."

त्याने पळसाच्या मागे हात घातला, पाला बाजूला केला. तिथे दोन बाटल्या आणि एक पाकीट होतं. सबीहाने ते ओढणीच्या टोकात गुंडाळलं. निघता निघता तिने त्याच्याकडे पुन्हा पाहिलं. त्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

"तुमाले दोन दोन दिसते काय?"

"सकाळपासून."

"मंग चाला. उठा. माझ्या खांद्याले धरा."

तो उठत नव्हता. सदाशिवरावांना काय सांगू, पोलीस येतील, असं काहीबाही बरळत होता. सबीहाला त्याला ओढत न्यायची ताकद नव्हती आणि थांबायला वेळ नव्हता. तिने त्याला तिथेच सोडलं, पळत आली, बाटल्या टीचरच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "पळसाखाली उकंडा काका हाय. त्यालेबी न्या." तोवर आलेला ऑटोवाला आणि आणखी एक माणूस जाऊन त्याला उचलून घेऊन आले.

पुसदच्या दवाखान्यात पोहोचताच हाजराला आत नेलं. बाकीच्या अकराजणींना एका वॉर्डात, दोघी दोघींना एका खाटेवर. डॉक्टरांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली आणि नर्सला काही सांगितलं. सगळ्या हालचालींना एकदम वेग आला. सबीहा भिंतीला टेकून उभी राहिली. तिला जायला कुणी सांगितलं नव्हतं, थांबायलाही नाही.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. "अकरा ठीक होतील. तो माणूसपण. लहानीला यवतमाळला हलवतो आहे, श्वासाला मशीन लागेल. बाटली आणली ते बरं केलं, नाहीतर आम्ही अंदाजाने चाललो असतो."

"डॉक्टरसाहेब," सबीहा म्हणाली, "मी दीड वाजताच सांगतलं असतं तं?"

डॉक्टर थकलेले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बहुधा ती काय विचारते आहे हे त्यांना पुरतं कळलं नसावं. "दीड वाजता सांगितलं असतं तर ती पाणी प्यालीच नसती," ते म्हणाले आणि पुढे गेले.

दिपाली टीचरने ते ऐकलं. त्यांनी सबीहाचा हात धरला. लिंबाचे पेले वाटण्यात गेलेला वेळ त्यांच्याही हिशेबात होता.

पुढचे दिवस मदरशाच्या ऑफिसातल्या फोनभोवती गेले. हौद उपसला, घासला, उन्हात कोरडा पडू दिला. सात मुलींचे वडील येऊन त्यांना घेऊन गेले. सदाशिवराव स्वतः आले, व्हरांड्याच्या पायरीवर बराच वेळ बसले, यापुढे फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप देईन आणि पाण्याचा ड्रम शेतातच ठेवीन म्हणाले. फोन वाजला की सबीहा ऑफिसच्या दाराशी जाऊन उभी राहायची. पहिल्या दिवशी: मशीनवर आहे. दुसऱ्या दिवशी: तसंच. तिसऱ्या दिवशी फोन आलाच नाही; त्या दिवशी सबीहाने काही खाल्लं नाही. तिला एकच चित्र दिसायचं: हाजरा दगडावर बसली आहे, ओंजळ तोंडाशी, आणि आपण पाठ करून आत चाललो आहोत.

मुली तिच्याशी आता वेगळ्याच वागत होत्या. नाकवाली म्हणणं थांबलं. एकीने तर आपलं तेल तिला दिलं. सगळ्यांच्या लेखी तिने मुलींना वाचवलं होतं. सबीहाला ते सहन होईना. चौथ्या दिवशी ती बडी आपांच्या खोलीत गेली.

"फाटक के बाहर गई थी, मुझे मालूम है," बडी आपा कागदांतून मान वर न करता म्हणाल्या. "उस पर बाद में बात करेंगे."

"ते नाई, आपा." मग ती उर्दूत बोलू लागली, तुटक तुटक. वास आपल्याला आधीच आला होता. आपण ड्रमवर वजू केला. हाजराला एकदाच हाक मारली. एक तासभर आपण गप्प बसलो.

बडी आपांनी चष्मा काढला. त्या साठीच्या होत्या, आणि चष्म्याशिवाय त्यांचे डोळे वेगळेच, उघडे वाटत.

"चुप क्यों रही?"

सबीहाने समोरच्या कागदांकडे पाहिलं.

"अगस्त में मैंने सबके सामने क्या कहा था, याद है?"

"जी."

"मुझे भी याद है," बडी आपा म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुन्हा लावला, पण कागद काही हातात घेतले नाहीत. सबीहा दाराशी पोहोचली तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "दाल फिर भी फेंकनी पड़े तो फेंक देंगे. बता दिया करो."

त्याच संध्याकाळी फोन आला. हाजराची मशीन काढली होती. ती आपणहून श्वास घेत होती.

नोव्हेंबरच्या शेवटी सबीहाला आठ दिवसांची सुट्टी मिळाली. अब्बांनी फवारणी सोडली होती. गावातल्या एका वखारीत लाकडं फोडायला जात होते, आणि उजेडाकडे पाहिलं की अजून त्यांचे डोळे पाणावत. हाजराला तिच्या आईने दवाखान्यातून थेट गावी आणलं होतं, मदरशात परत पाठवलं नव्हतं. दोन दिवस सबीहा त्यांच्या घरावरून गेली आणि आत गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

हाजराची आई, जमिलाबी, दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचं माहेर अशा गावातलं, जिथे मुसलमानाचं एकच घर होतं, म्हणून ती सगळ्यांशी वऱ्हाडीच बोलायची. "ये माय," ती म्हणाली. "तुले पाह्याची होती. टीचरनं सांगतलं, तू नसती तं..."

"खाला, तसं नाई," सबीहा म्हणाली आणि बसण्याआधीच सगळं सांगून टाकलं. उभ्या उभ्या. मध्ये थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं.

जमिलाबीचे हात थांबले. आत हाजरा काहीतरी गुणगुणत होती. तिचा आवाज अजून घोगरा होता, नळीनं घसा सोलला होता. जमिलाबीने सूप बाजूला सरकवलं.

"हे मले कायले सांगतलं?" ती म्हणाली. "न सांगती तं मले कोठून समजलं असतं?"

"मले ठेवता येत नवतं."

"म्हंजे आता मी ठेवू." तिच्या आवाजात राग होता, तो तिने लपवला नाही. "चार दिवस मी त्या मशीनचा आवाज ऐकला. तो बंद झाला तं पोरगी गेली असं समजाचं, मले तं असंच वाटे. तुले काय माहीत?"

निघून जावं असं सबीहाला वाटलं. पाय उचलेना.

जमिलाबीने पुन्हा एक शेंग उचलली, सोलली, दाणे सुपात टाकले. दुसरी उचलली. मग सबीहाकडे न पाहता म्हणाली, "तिचा दीड महिन्याचा सबक बुडाला. पाढे विसरली. पेन धरते तं हात कापते तिचा. सुट्टी किती दिवस हाय तुही?"

"पाच राह्यले."

"मंग उद्यापासून ये. सकाळी. शिकव तिले."

"मले शिकवता येईन काय, खाला? मी तं..."

"मले काय माहीत येईन का नाई," जमिलाबी म्हणाली. "ये म्हनलं तं ये."

सबीहा दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. रात्रभर तिला धाकधूक होती. मुलगी आपल्याकडे कशी पाहील, तिला आठवत असेल का. हाजराला फारसं काही आठवत नव्हतं. तिला फक्त पाटीवरची अक्षरं वाकडी येतात याचा राग होता आणि ती दर दोन मिनिटांनी पाटी पुसून टाकत होती. पहिल्या दिवशी दोघींनी मिळून जेमतेम चार ओळी लिहिल्या. जमिलाबी येऊन पाहून गेली, बोलली काही नाही. दुसऱ्या दिवशी सहा ओळी झाल्या. तिसऱ्या दिवशी हाजरा भागाकार करायला बसली आणि तिने विचारलं की शून्यानं भागलं तर काय येतं.

सबीहाने विचार केला. पाटीवर दोन-तीनदा मांडून पाहिलं. काही जमेना. जमिलाबी चुलीपाशी होती, ऐकत होती.

"मले नाई येत," सबीहा म्हणाली. "पुसदले गेली की टीचरले विचारतो, मग तुले सांगतो. चाल, पुढचं कर."